शेवंतीला कळी धरत नाही, धरली तर फुलत नाही: गॅलरीतल्या लाईटचं वेळापत्रक आणि रात्रीचा अंधार

तीन वर्षं सलग माझ्या शेवंतीनं मला रडवलंय आणि तिन्ही वर्षं रडवायची पद्धत वेगळी होती, त्यामुळे मला वाटायचं की हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत. पहिल्या वर्षी कळीच नाही. दुसऱ्या वर्षी कळी आली आणि तिथेच थांबली. तिसऱ्या वर्षी वीतभर रोपांवर कळ्या लगडल्या आणि रोप वाढायचंच बंद. खत बदललं, माती बदलली, माव्याची फवारणी झाली, कुंड्या बदलल्या. शेवटी कळलं की तिन्ही वेळा गडबड एकच होती, रात्रीचा अंधार. ज्यांच्याकडे फ्लॅटच्या गॅलरीत ग्रो लाईट लावून शेवंती, पॉइनसेटिया, कलांचो असलं काही आहे आणि दरवर्षी तेच रडगाणं चालू आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आमचा फ्लॅट नाशिकच्या इंदिरानगरला, गॅलरी पूर्वेची, ऊन सकाळी साडेदहापर्यंत मिळतं आणि मग समोरच्या बिल्डिंगची सावली. सासूबाईंना मार्गशीर्षातल्या गुरुवारी घटाला घरची पिवळी शेवंती हवी असते, गावाकडे त्यांच्या परसात व्हायची. बाजारात फुलं मिळतात हो, आपलं नाशिक म्हणजे जुनं गुलशनाबाद, इथे फुलांना काय तोटा, पण घरची ती घरची. माझा मामेभाऊ दिंडोरी तालुक्यात शेवंती करतो, त्याच्याकडून काश्या, म्हणजे जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेली लहान रोपं, आणल्या, बारा कुंड्या भरल्या आणि ऊन कमी पडतं म्हणून चाळीस वॅटचा ग्रो लाईट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, घेतला. दुकानदारानं सांगितलं की अठरा तास चालू ठेवा, सहा तास बंद, झाडं जोमानं येतात. मी तसंच केलं, सकाळी सहाला चालू, रात्री बाराला बंद.

झाडं आली की खरंच जोमानं, हिरवीगार, दोन दोन फूट. दसरा गेला, दिवाळी गेली, मार्गशीर्ष उजाडला तरी एक कळी नाही. भावाच्या शेतात त्याच काश्यांची फुलं तोडून मार्केटला जात होती आणि माझ्याकडे नुसता पाला.

हे अठरा-सहा आणि बारा-बारा तासांचे जे आकडे ग्रो लाईटच्या बाबतीत सगळीकडे ऐकायला मिळतात ना, ते मुळात गांजाच्या इनडोअर लागवडीतून आलेत. जिथे ती लागवड कायदेशीर आहे तिथले लोक झाड वाढवताना अठरा तास उजेड देतात आणि फुलावर आणताना बारा तास उजेड, बारा तास अंधार करतात. आपल्याकडे परवान्याशिवाय गांजा लावणं हा १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा त्या झाडाशी आपला काही संबंध नाही, पण त्याचे आकडे मात्र दिव्याच्या खोक्याबरोबर आपल्या घरात आलेत आणि आपण ते डोळे झाकून कोथिंबिरीला, तुळशीला, शेवंतीला लावतोय. गांजा आणि शेवंती दोघंही लहान दिवसाची झाडं, म्हणजे दिवस लहान झाला की फुलणारी, म्हणून ते आकडे शेवंतीला अर्धवट लागूही पडतात आणि म्हणूनच जास्त फसवतात.

आता मुख्य गोष्ट. आपण म्हणतो दिवस लहान झाला की शेवंती फुलते, पण झाड दिवस मोजत नाही, ते रात्र मोजतं. सलग रात्र. गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं होतं की फुलावर येणं हे दिवसाच्या लांबीवर ठरतं. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या, काटेरी फळांच्या एका रानटी झाडावर प्रयोग केला, दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर झाडाला काही फरक पडला नाही पण रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड पाडला तर फुलणंच थांबलं. म्हणजे बारा तासांची रात्र असली तरी मध्येच दिवा लागला की झाडाच्या हिशोबी ती एक लांब रात्र राहत नाही, दोन आखूड रात्री होतात. हे काम पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य करतं आणि ते लाल उजेडाला, साधारण ६६० नॅनोमीटरच्या, सगळ्यात जास्त दाद देतं. म्हणून ‘रात्री लाल झिरोचा बल्ब चालतो, झाडाला कळत नाही’ हे जे सांगतात ते साफ उलटं आहे, झाडाला लालच सगळ्यात आधी कळतो. रात्री कुंड्यांत डोकावायचंच असेल तर मंद हिरवा उजेड, तोही मिनिटभर.

आणखी एक, अंधार पानाला कळतो, शेंड्याला नाही. मिखाईल चैलाख्यान या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात हे शेवंतीवरच दाखवलं, खालच्या पानांना लहान दिवस दिला आणि वरचा पानं काढलेला शेंडा मोठ्या दिवसात ठेवला तरी शेंड्याला फूल आलं. पानातून काहीतरी निरोप वर जातो असं त्यानं मांडलं आणि त्या निरोपाला फ्लोरिजन नाव दिलं. माझ्यासारख्या बाईला याचा उपयोग एवढाच की मी पहिल्या वर्षी कळी यावी म्हणून झाडाची खालची पानं खुडून टाकत होते, हवा खेळावी म्हणून, आणि निरोप देणारी पानंच काढत होते. सप्टेंबरनंतर निरोगी पानाला हात लावू नका.

आता नाशिकचा हिशोब, कारण इथेच बाहेरच्या देशातलं वेळापत्रक फसतं. आपण साधारण २० अंश उत्तरेला. जूनच्या शेवटी सकाळी सहाच्या आसपास उजाडतं आणि सव्वासातला सूर्य मावळतो, म्हणजे आपला सगळ्यात मोठा दिवस तेरा तास वीस मिनिटांच्या आसपास. डिसेंबरात सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे अकरा तासांना थोडा कमी. शेवंतीच्या बऱ्याच जातींना कळी धरायला दिवस साडेतेरा तासांच्या आत लागतो आणि ती कळी नीट फुलायला त्याहून लहान, बारा तासांच्या आसपास. हे नीट वाचा, कळी धरायची अट सैल आहे आणि फुलायची अट कडक आहे. म्हणूनच कळी येऊन थांबते. नाशकात दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला तेरा तासांच्या खाली येतो आणि ऑक्टोबर संपता संपता साडेअकराच्या जवळ जातो. म्हणजे आपल्याकडे उघड्यावरच्या शेवंतीला वेगळं काही करावंच लागत नाही, ती आपोआप फुलते. आपल्याकडे शेवंती फुलत नाही तेव्हा आपणच कुठूनतरी तिच्यावर उजेड पाडत असतो.

दुसऱ्या वर्षी मी हे अर्धवट समजून बारा-बारा केलं. गणपती गेल्यावर दिवा सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. चार आठवड्यांत कळ्या दिसल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, मी सगळ्यांना दाखवत सुटले. आणि मग वसुबारसेला आकाशकंदील लावला. कुठे, तर गॅलरीत, शेवंतीच्या बरोबर वर, नऊ वॅटचा एलईडी, रात्रभर. आमच्याकडे कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत असतो, म्हणजे अठरा-एकोणीस रात्री. कळ्या त्या रात्रीत तिथेच थिजल्या. नुसत्या थिजल्या नाहीत, कळीच्या खालची पानं अरुंद, पट्टीसारखी, कातरा नसलेली यायला लागली आणि कळीच्या बाजूनं नवे फुटवे निघून कळीच्या वर गेले. भाऊ दिवाळीनंतर भाऊबीजेचं राहिलेलं करायला आला तेव्हा त्यानं बघितलं आणि विचारलं, ‘ताई, रात्री इथे लाईट असतो का?’ मी म्हटलं नाही रे, सहाला बंद होतो, टायमर आहे. तो काही न बोलता वर कंदिलाकडे बघत राहिला.

कंदिलाचा विषय निघाला म्हणून सांगते, सासूबाई तुळशीपुढे जो तेलाचा दिवा लावतात त्यानं काही बिघडत नाही. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप, एका मीटरवर मेणबत्तीचा उजेड एक लक्स, निरांजनाचाही त्याच घरातला, आणि तो तासाभरात विझतो. पौर्णिमेचं चांदणं तर एक लक्सच्याही बरंच खाली. पण कंदिलातला एलईडी बल्ब दोन-तीन फुटांवर शंभर-दीडशे लक्स टाकतो आणि शेवंतीचे शेतकरी रात्र मुद्दाम मोडायला साधारण तेवढाच उजेड वापरतात. आमच्या घरात मी महिनाभर उगाच तुळशीच्या दिव्यावर संशय घेत होते, तो दिवा बंद करू नका.

तर पहिलं काम असं करा की रात्री झाडांपाशी जाऊन उभं राहा. एकदा नाही, तीनदा, साडेआठला, अकराला आणि पहाटे तीनला, कारण दिवे वेगवेगळ्या वेळी लागतात. घरातले सगळे दिवे बंद करून पाच मिनिटं डोळे सरावू द्या आणि मग कुंडीच्या जागी पेपर धरा. मथळे वाचता आले तर ती जागा शेवंतीसाठी अंधारी नाही. आमच्याकडे पहाटे तीनला मला काय दिसलं, तर रस्त्यावरच्या नवीन पांढऱ्या एलईडीचा उजेड थेट गॅलरीच्या उजव्या कोपऱ्यात येत होता, जुन्या पिवळ्या दिव्यापेक्षा किती तरी जास्त, आणि बरोबर त्याच कोपऱ्यातल्या चार कुंड्या नेहमी मागे राहायच्या. किचनच्या खिडकीतून बाराच्या सुमारास येणारा उजेड वेगळा, मुलगा अभ्यास करून पाणी प्यायला येतो तो. येणाऱ्या जाणाऱ्या गाडीचा झोत क्षणभराचा असतो त्याची एवढी काळजी नको, राऊटरच्या बारक्या टिकलीची तर अजिबातच नको.

झाडाकडे बघूनही बरंच कळतं. नुसता पाला, कळीचं नावच नाही, उंची वाढतेय, तर झाडाला लांब रात्र कधीच मिळालेली नाही, दिवा फार वेळ चालतोय नाहीतर रोज रात्री कुठला तरी उजेड पडतोय. कळी आली, खाली पट्टीसारखी पानं आली आणि बाजूचे फुटवे वर निघाले तर सुरुवातीला अंधार मिळाला आणि मग मध्येच तुटला, तारखा आठवा, लग्नकार्य, पाहुणे, कंदील, नवीन लावलेली लाईटची माळ, काहीतरी सापडेलच. अशी थिजलेली कळी मी खुडून टाकते आणि अंधार परत सुरू करते, बाजूच्या फुटव्यांवर उशिरा का होईना पण फुलं येतात. कळ्या नीट आहेत, पट्टीची पानं नाहीत, पण फुगायला फार वेळ लागतोय, तर उजेडाच्या मागे लागू नका, ती गरमी. शेवंतीला रात्र सोळा ते अठरा अंशांची आवडते आणि ऑक्टोबर हीटमध्ये अंधार करायला झाड काळ्या कापडाखाली कोंडून घातलं की कळी रेंगाळते. आणि झाड बारीक, काडीसारखं, कळ्या मोजक्या, तर अंधार बरोबर आहे पण दिवसाचा उजेड कमी पडतोय.

हा शेवटचा घोळ खूप जण करतात. लहान दिवस म्हणजे कमी उजेड नाही! दिवसाचे दहा-अकरा तास भरपूर उजेड पाहिजे आणि नंतरचे तेरा-चौदा तास काळाकुट्ट अंधार. मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप असतं, अगदी अचूक नसतं पण अंदाजाला बरं. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला साधारण सत्तरनं भागलं की झाडाच्या कामाचा उजेड मायक्रोमोलमध्ये निघतो. माझ्या दिव्याखाली एक फुटावर चौदा हजार लक्स येतात, म्हणजे दोनशेच्या आसपास. त्याला तासांनी गुणायचं आणि ०.००३६ नं गुणायचं की दिवसाचे मोल, म्हणजे झाडाला दिवसभरात मिळालेला एकूण उजेड, निघतात. माझा दिवा साडेसात तासांचे सव्वापाच-साडेपाच मोल देतो आणि सकाळच्या तीन तासांच्या उन्हाचे साधारण तेवढेच धरले तर दहाच्या पुढे जातं, शेवंतीला एवढं पुरतं. दिवा तीन फूट वर टांगला तर हा सगळा हिशोब कोसळतो, पहिल्या वर्षी माझा छताला होता.

तिसरं वर्ष टायमरचं. त्या वर्षी आजारपणामुळे काश्या लावायला सप्टेंबर उजाडला आणि रोपं वीतभर असतानाच रात्री लांब झालेल्या, म्हणजे ती लगेच कळीवर येणार हे आता मला माहीत होतं. भावानं सांगितलं की ताई, आम्ही उशिराच्या प्लॉटला रात्री दहा ते दोन बल्ब लावतो, झाडाला वाटतं दिवस मोठा आहे, ते वाढत राहतं, आणि पाहिजे तेवढं वाढलं की बल्ब बंद करायचे. रात्र मोडायची ती मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूला चार-पाच तासांचे तुकडे उरतात आणि एकही तुकडा झाडाला लांब रात्र वाटत नाही. संध्याकाळी सहापासून दोन तास जास्त दिवा लावून तेवढा उपयोग होत नाही, त्यानंतरची रात्र लांबच राहते. मी नऊ वॅटचा बल्ब तीन फुटांवर लावला आणि तबकडीचा टायमर, तो चोवीस तासांच्या खाचा असलेला गोल असतो तो, दहा ते दोनवर ठेवला. महिन्याला एक-सव्वा युनिट, खर्च काहीच नाही.

तरीही तीन आठवड्यांत वीतभर रोपांवर कळ्या. मी डोक्याला हात लावून बसले. मग एका दुपारी झोपले होते आणि डोळे उघडले तर गॅलरीतला रात्रीचा बल्ब दुपारी दोनला चालू!

तबकडीचा टायमर विजेवर फिरतो. लाईट गेली की तबकडी थांबते आणि लाईट आली की जिथे थांबली होती तिथून पुढे चालते, त्याला मधला वेळ कळतच नाही. आमच्याकडे त्या महिन्यात कधी तास, कधी तीन तास, देखभालीच्या दिवशी तर सकाळपासून दुपारपर्यंत लाईट नसायची, हे सगळं जमत जमत टायमर अर्ध्या दिवसापेक्षा जास्त मागे पडला होता. माझा रात्री मोडायचा बल्ब भर दिवसा लागत होता आणि रात्र अख्खीच्या अख्खी अंधारी जात होती. मग मागच्या वर्षीचंही आठवलं, सहाला बंद होतो म्हणून मी भावाला छातीठोक सांगितलेला ग्रो लाईट त्याच टायमरवर होता, म्हणजे तोही काही रात्री आठ-नऊपर्यंत चालला असणार. सगळा दोष कंदिलाचा नव्हता.

तेव्हा टायमर डिजिटलच घ्या, आत छोटी बॅटरी असलेला, लाईट गेली तरी घड्याळ चालू राहतं. तरी दर रविवारी त्याची वेळ मोबाईलशी ताडून बघा, मी कॅलेंडरवर खूण करते. आणि तबकडीचाच असेल तर टाकून देऊ नका पण रोज दिवेलागणीला तबकडी बघायची सवय लावा, लाईट किती वेळ गेली होती ते आठवून ती पुढे सरकवा. इन्व्हर्टरवर टायमर टाकला तर प्रश्नच मिटतो, पण गॅलरीतला पॉइंट बऱ्याच घरात इन्व्हर्टरवर नसतो, वायरमनला विचारून घ्या.

आता या वर्षी काय केलं ते सांगते. काश्या मे महिन्यातच आणल्या, जूनमध्ये कुंडीत लावल्या, महिन्यानं शेंडा खुडला, परत तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्यांदा, ऑगस्टच्या शेवटाला खुडणं बंद. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी अंधार आणि लहान होत जाणारा दिवस म्हणून रात्री दहा ते दोन तो नऊ वॅटचा बल्ब ठेवला, वाढ छान राहिली. दहा सप्टेंबरला बल्ब काढला आणि झाकायला सुरुवात केली. प्लंबरकडून अर्ध्या इंची पाईपचा साधा सांगाडा करून घेतला, त्यावर दुहेरी काळं कापड, बाहेरच्या बाजूला पांढरी जुनी चादर शिवून टाकली म्हणजे तापत नाही. कापड घेताना दुकानात मोबाईलचा टॉर्च मागे धरून बघा, उजेडाचे टाचणीएवढे ठिपके दिसले तर एकेरी चालणार नाही.

झाकायची वेळ संध्याकाळी सहा, उघडायची सकाळी साडेसात. साडेतेरा तास. पुस्तकी चौदा तास करायचे तर सकाळी आठ होतात आणि माझं पूर्वेचं ऊन जातं, तेवढा अर्धा तास मी उन्हाला दिला. तुमची गॅलरी पश्चिमेची असेल तर उलटं करा, सकाळी नऊपर्यंत झाकून ठेवा आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर सातला झाका, कारण पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपाशी सहाला कापड टाकलं की आत भट्टी होते आणि कळी रेंगाळते ती तशीच. कापड खाली जमिनीपासून चार बोटं वर ठेवलं तर हवा खेळते, तेवढ्या फटीतून येणारा उजेड पानावर पडत नाही ना ते मात्र रात्री आत डोकं घालून बघा. मी बघितलं, शेजारच्या काकूंनी विचारलं काय शोधतेस म्हणून.

दोनदा माझ्याकडून झाकायचं राहिलं, एकदा त्र्यंबकला गेलो होतो आणि यायला रात्र झाली, एकदा विसरले. एखादी रात्र चुकली म्हणून झाड परत पाल्यावर जात नाही, फुलाला थोडा उशीर होतो एवढंच, पण लागोपाठ चार-पाच रात्री चुकवल्या तर दुसऱ्या वर्षीचा खेळ परत. झाकणं थांबवायचं कधी, तर कळीला रंग दिसल्यावर, त्याआधी नाही. आणि कंदील या वर्षी पुढच्या दाराला लावला, मुलं कुरकुरली पण लावला.

एकाच दिव्याखाली सगळी झाडं ठेवणाऱ्यांसाठी थोडंसं. गुलाब, टोमॅटो यांना दिवसाच्या लांबीचं फारसं पडलेलं नसतं, त्यांना नुसता भरपूर उजेड द्या. पॉइनसेटिया आणि कलांचो शेवंतीच्याच पंगतीतले, दोघांना लांब अखंड रात्र लागते, पॉइनसेटिया तर शेवंतीहून हट्टी. पण पालक आणि कोथिंबीर उलट्या, त्यांना मोठा दिवस मिळाला की तुरा काढतात, तेव्हा ज्यांची कोथिंबीर अठरा तासांच्या दिव्याखाली बोटभर होऊन फुलावर जाते त्यांनी बियाणाला नावं ठेवण्याआधी दिवा दहा-अकरा तासांवर आणून बघा. आपल्या कांद्याचंही असंच आहे, लासलगावच्या पट्ट्यातल्या जाती अकरा-बारा तासांच्या दिवसात पोसतात आणि थंड देशातल्या चौदा-सोळा तासांवर पोसणाऱ्या जाती इथे लावल्या तर नुसती पात येते, कारण एवढा मोठा दिवस नाशकात वर्षभरात एकदाही उगवत नाही. म्हणून शेवंती आणि भाजी एका टायमरवर ठेवायची असेल तर शेवंतीचं वेळापत्रक ठेवा, भाजीला ते चालतं, उलटं चालत नाही.

कोणी विचारेल की एवढं सगळं करण्यापेक्षा दिवाच बंद करून टाकला तर. तुमच्या गॅलरीत पाच-सहा तास ऊन असेल आणि रस्त्याचा दिवा लांब असेल तर खरंच टाका, नाशकात सप्टेंबरनंतर निसर्ग बाकीचं करतो. माझ्यासारखं ऊन कमी असेल तरच दिवा ठेवा.

आज नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. बारापैकी नऊ कुंड्यांवर कळ्यांना पिवळा रंग दिसलाय, त्यांना परवापासून झाकत नाही. उरलेल्या तीन रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या, तिथे कापडाच्या शिवणीतून उजेड येत होता ते मला ऑक्टोबरात उशिरा कळलं, त्या साधारण दोन आठवडे मागे आहेत आणि त्यांना अजून रोज सहाला झाकते. सासूबाईंनी पहिल्या गुरुवारसाठी कुठल्या कुंडीतली फुलं तोडायची ते आत्ताच सांगून ठेवलंय.